भातखाचर ते गोदाम: भिवंडी तालुक्यातील गावकारभाराचा इतिहास

भिवंडी तालुका दक्षिणेकडील उल्हास नदीची खाडी आणि उत्तरेकडील तानसा नदीचे खोरे यांच्या दरम्यान पसरला आहे. मधून कामवारी नदी वाहते आणि भिवंडी शहराजवळून पुढे जाऊन खाडीला मिळते. तालुक्याच्या दक्षिणेला ठाणे, आग्नेयेला कल्याण, पूर्वेला शहापूर, उत्तरेला वाडा आणि पश्चिमेला वसई हे तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार तालुक्याची लोकसंख्या सुमारे ११ लाख ४१ हजार होती. त्यांपैकी ७ लाखांहून अधिक लोक भिवंडी-निजामपूर महापालिकेच्या हद्दीत राहत होते. बाकीच्या चार लाखांवर लोकांचा रोजचा कारभार सुमारे १२० ग्रामपंचायतींकडे होता. शहराची ओळख यंत्रमागाची असली, तरी तालुक्याची मूळ ओळख भाताची आहे. बांध कोणी राखायचा, सारा कोणी गोळा करायचा, पाणवठा कोणाचा, गायरान कोणाचे, हे प्रश्न भातशेतीतून उभे राहिले आणि त्यांची उत्तरे शोधता शोधता इथला गावकारभार घडला.

जमीन आणि गावकी

तालुक्यात भाताची जमीन दोन प्रकारची आहे. खाडीकाठच्या अंजूर, आलिमघर, पायेगाव, खारबाव अशा गावांत खारजमीन आहे, तर पडघा, अंगाव, दाभाड, दिघाशी, चिंबीपाडा या वरच्या अंगाच्या गावांत डोंगरउताराची गोडी जमीन आहे. खारजमिनीत नांगर फारसा चालत नाही. मोड आलेले बी चिखलात फेकून पेरण्याची रहू पद्धत तेथे रूढ होती. गोड्या जमिनीत लावणीची पद्धत. उन्हाळ्यात शेणी, पालापाचोळा, कवळ (पानांसह तोडलेल्या फांद्या) आणि गवत शेताच्या एका तुकड्यावर पसरून जाळायचे, याला राब म्हणतात. पाऊस पडला की या भाजलेल्या जमिनीत दाट बी टाकायचे, रोप वीतभर झाले की उपटून मुठी बांधायच्या आणि चिखलणी केलेल्या खाचरात लावायच्या. राबासाठी लागणारे गवत आणि कवळ ज्या माळरानातून येत, त्या वरकस जमिनीचा हिशेब भातजमिनीला जोडूनच ठेवला जाई. वरकस हातची गेली की राब नाही आणि राब नाही तर लावणी नाही, हे ठाणे जिल्ह्यातील प्रत्येक कुळाला ठाऊक होते.

खारजमीन तर सामुदायिक कारभाराशिवाय एक वर्षही टिकत नाही. खाडीचे पाणी थोपवण्यासाठी मातीचा लांब बांध लागतो. पावसाचे गोडे पाणी ओहोटीला बाहेर सोडायचे आणि भरतीचे खारे पाणी आत येऊ द्यायचे नाही, यासाठी बांधात लाकडी झडपेची उघाडी ठेवावी लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात बांधाला एखाद्या ठिकाणी खांड पडली की पाणी एकाच्या शेतात थांबत नाही, ते सगळ्या खारीत शिरते आणि पुढची दोन-तीन वर्षे जमीन पिकत नाही. त्यामुळे खांड पडल्याची हाक आली की घरटी एक माणूस टोपली-फावडे घेऊन बांधावर गेलाच पाहिजे, असा दंडक असे. चिखल, पेंढा आणि दगड घालून पुढच्या भरतीच्या आत खांड बुजवायची. न येणाऱ्याला दंड. खारजमिनीची जुनी धारापद्धतही याच श्रमावर उभी होती. ज्याने बांध घालून जमीन तयार केली, त्याचा तिच्यावर विशेष हक्क मानला जाई आणि अशा जमिनीला शिलोत्री म्हणत.

घरटी माणूस, ठरलेला वाटा आणि चुकल्यास दंड या नियमांवर चालणारी गावाची सभा म्हणजे गावकी. आगरी, कोळी आणि कुणबी वस्तीच्या गावांत ती आजही जिवंत आहे. गावदेवीची जत्रा, पालखी, होळी, लग्नकार्यातली मदत आणि भाऊबंदकीतले तंटे हे तिचे विषय. तिच्या मागे कायदा नाही, पण गावात राहायचे तर तिचा शब्द सहजासहजी मोडता येत नाही. पुढे सरकारी कायद्याने ग्रामपंचायत आली, तेव्हा ती या गावकीच्या शेजारी येऊन बसली. अनेक गावांत निवडणुकीचे उमेदवार आजही आधी गावकीत ठरतात आणि मग अर्ज भरले जातात.

शिलालेखांतील गाव

गावाचा महसूल कोणाकडे जावा, याचे तालुक्यातील सर्वात जुने पुरावे दगडावर कोरलेले आहेत. लोनाड परिसरात बौद्ध लेणे आहे, जुने शिवमंदिर आहे आणि उत्तर कोकणच्या शिलाहार राजांचे शिलालेख सापडले आहेत. जवळच्या चौधरपाडा येथील शके ११६१ मधील केशिदेवाच्या लेखात ब्रह्मपुरी नावाचे गाव दान दिल्याची नोंद आहे. शिलाहारांच्या अशा दानलेखांच्या दगडांवर वर सूर्य-चंद्र आणि खाली गाढवाचे शिल्प कोरण्याची रीत होती. या दगडाला गधेगळ म्हणतात. दान सूर्य-चंद्र असेपर्यंत चालेल आणि ते मोडणाऱ्याच्या कुळाला बट्टा लागेल, ही शापवाणी अक्षर न येणाऱ्यालाही कळावी म्हणून ती चित्राने सांगितली आहे. आजच्या भाषेत बोलायचे तर गावाच्या उत्पन्नाच्या वाटपाचा तो सार्वजनिक ठराव होता. तो गावाच्या शिवेत उभा केला की सर्वांना लागू झाला.

त्या काळच्या लेखांत गावातील प्रमुखांचा उल्लेख महत्तर या शब्दाने येतो. ठाणे-रायगड पट्ट्यात घरोघर आढळणारे म्हात्रे हे आडनाव याच पदाशी जोडले जाते. पाटील आणि चौधरी ही आडनावेही अशीच. गावकारभाराची पदे कायद्याने संपली, तरी ती भिवंडीच्या मतदार याद्यांत आडनावांच्या रूपाने उरली आहेत.

वतनदारीचा काळ

मध्ययुगात भिवंडी हे खाडीवरचे बंदर होते आणि कल्याणचे जोडबंदर म्हणून ओळखले जाई. निजामशाही बुडाल्यावर हा मुलूख आदिलशाहीकडे गेला. २४ ऑक्टोबर १६५७ रोजी शिवाजी महाराजांच्या फौजांनी कल्याण आणि भिवंडी घेतली. पुढे मोगल अमलात भिवंडीला इस्लामाबाद असेही नाव होते. खाडीपलीकडे साष्टी आणि पश्चिमेला वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. त्यामुळे तालुक्यातील खाडीकाठची गावे दोन सत्तांच्या सीमेवर होती. १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत अंजूर गावच्या नाईक घराण्यातील गंगाजी नाईक अंजूरकर यांनी मराठ्यांना बातम्या, माणसे आणि वाटांची माहिती पुरवली. वसई घेतल्यानंतर चिमाजी अप्पांनी तानसेकाठी वज्रेश्वरीचे मंदिर बांधून नवस फेडला. एका खाडीकाठच्या गावचे वतनदार घराणे राज्याच्या मोठ्या मोहिमेत निर्णायक ठरू शकले, याचे कारण त्याची स्थानिक पकड. कोणत्या गावात किती माणसे उभी राहतील आणि भरती-ओहोटीला होडी कोठे लागेल, हे परगण्याच्या दफ्तरापेक्षा गावच्या वतनदारांना नेमके माहीत असे.

त्या काळी गावाचा कारभार वतनावर चालत असे. पाटील सारा वसूल करी आणि गावाच्या वतीने सरकारशी बोले. कुलकर्णी हिशेब लिही. महार वतनदार शिव राखी, सांगावे नेई आणि साऱ्याची रक्कम पोचवी. यांवर परगण्याचे देशमुख-देशपांडे. प्रत्येकाला कामाबद्दल जमीन किंवा खळ्यावरच्या धान्यातला वाटा मिळे. पदे वंशपरंपरेने चालत, त्यामुळे अनुभव घरात साठत जाई आणि सत्ताही त्याच घरात राही. ज्यांच्या श्रमावर शेती उभी होती, ते आदिवासी आणि कुळे या रचनेत बोलावल्याशिवाय बोलू शकत नसत. खळ्यावर सरकारचा वाटा, वतनदाराचा वाटा आणि सावकाराचे देणे मोजून झाल्यावर जे उरे, ते कसणाऱ्याचे.

इंग्रजी अंमल: शहराला पालिका, गावाला उपकर

१८१७-१८ मध्ये पेशवाई संपली आणि हा प्रदेश मुंबई इलाख्यात आला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर ठाणे जिल्ह्यात जमिनीची शास्त्रशुद्ध मोजणी झाली. खारजमीन, गोडी भातजमीन आणि वरकस यांना वेगवेगळे आकार लागले आणि प्रत्येक तुकड्याला नंबर मिळाला. सारा धान्याऐवजी ठरलेल्या रोख रकमेत भरायचा झाला. पीक बुडाले तरी रक्कम तीच, त्यामुळे कुळाचा सावकाराशी संबंध घट्ट झाला. १८७४ च्या वतन कायद्याने पाटील-कुलकर्ण्यांची पदे सरकारी चौकटीत आली. पाटील आता गावाचा प्रतिनिधी कमी आणि मामलेदाराचा हाताखालचा माणूस जास्त झाला.

याच काळात शहर आणि गाव यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. १८६० च्या दशकात भिवंडी शहरात नगरपालिका स्थापन झाली. दिवाबत्ती, सफाई आणि पाणी यांसाठी शहराला स्वतःचे उत्पन्न आणि स्वतःची संस्था मिळाली. गावाला मिळाला तो उपकर. १८६९ च्या कायद्यानुसार साऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा स्थानिक निधी म्हणून वसूल होऊ लागला आणि त्यातून रस्ते, धर्मशाळा आणि शाळा यांचा खर्च चालू लागला. पैसा गावातून जाई, पण तो कोठे खर्च करायचा हे गावात ठरत नसे. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर १८८४ मध्ये मुंबई इलाख्यासाठी लोकल बोर्डांचा कायदा झाला आणि जिल्हा व तालुका पातळीवर बोर्डे आली. त्यांत मतदानाचा अधिकार मालमत्ता आणि प्रतिष्ठा असलेल्यांपुरताच होता. खाचरात राबणाऱ्याचे मत त्यात कोठेच मोजले जात नव्हते.

रेल्वे १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आणि १८५४ मध्ये कल्याणपर्यंत आली. ती भिवंडीला बाजूला ठेवून गेली. बंदराचा व्यापार ओसरत गेला आणि तालुका मुंबईला भात, गवत, लाकूड आणि दूध पुरवणारा मुलूख झाला. १८९२ मध्ये तानसा तलावाचे पाणी मुंबईला गेले. त्याच्या आणि पुढच्या योजनांच्या मोठ्या जलवाहिन्या याच तालुक्यातून जातात. कित्येक गावांच्या शिवारातून मुंबईचे पाणी वाहते आणि त्याच गावातल्या बायकांना उन्हाळ्यात हंडे घेऊन विहिरीकडे जावे लागते. हे दृश्य इथे पिढ्यान्‌पिढ्या दिसत आले आहे. पाणी नेण्याचा निर्णय घेणारी संस्था आणि पाण्यावाचून राहणारे गाव यांच्यात बोलणी करील असे व्यासपीठ त्या काळी गावाकडे नव्हते.

गावपातळीवर निवडून आलेली संस्था उभी करण्याचा पहिला कायदा १९२० मध्ये झाला. गावातील प्रौढ पुरुषांना मत मिळाले. पंचायतीकडे रस्ता, विहीर आणि सफाई ही कामे आली, पण उत्पन्न जवळजवळ नव्हते. १९३३ च्या कायद्याने अधिकार वाढवले आणि किरकोळ दाव्यांचे कामही गावपंचायतीकडे दिले. तरी पाटलाचे वजन, सावकाराचे कर्ज आणि पंचायतीची रिकामी पेटी या तिहेरी ओझ्याखाली या संस्था नावापुरत्याच राहिल्या.

स्वातंत्र्यानंतरची पुनर्रचना

स्वातंत्र्यानंतरच्या पंधरा वर्षांत गावकारभाराचा पाया बदलला. हा बदल आधी जमिनीत झाला. १९४८ मध्ये खारजमिनींसाठी कायदा होऊन बांध राखण्याची जबाबदारी सरकारी यंत्रणेने अंगावर घेतली. त्याच वर्षी कुळकायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली. कुलकर्णी वतने १९५१ मध्ये संपली, इतर गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने आणि महसुली पाटलाचे पद १९६२ च्या कायद्याने. हिशेब पगारी तलाठ्याकडे गेला. वतन गेल्यामुळे पाटील आणि कूळ एकाच मतदार यादीत आले. हे झाले नसते, तर पुढच्या पंचायती जुन्या वाड्यांच्या ओसरीवरच भरल्या असत्या.

मुंबई ग्रामपंचायत अधिनियम १९५८ मध्ये मंजूर झाला आणि १ जून १९५९ पासून लागू झाला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६१ मध्ये अहवाल दिला. त्यावरून जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ पासून तीन पायऱ्यांची रचना सुरू झाली. गावाला ग्रामपंचायत, तालुक्याला भिवंडी पंचायत समिती आणि जिल्ह्याला ठाणे जिल्हा परिषद. प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्रे, लहान रस्ते, पशुवैद्यकीय दवाखाने आणि शेतीच्या योजना जिल्हा परिषदेकडे आल्या. पंचायत समितीचा कारभार सभापती आणि गटविकास अधिकारी यांच्याकडे, तर गावचा सरपंच आणि ग्रामसेवक यांच्याकडे.

पंचायतीचे रोजचे काम

ग्रामपंचायतीत लोकसंख्येनुसार किमान ७ आणि कमाल १७ सदस्य असतात. गाव प्रभागांत विभागलेले असते. सरपंच पूर्वी सदस्यांतून निवडला जाई. २०१७ मध्ये थेट निवड आली, २०२० मध्ये ती रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली. दफ्तर ग्रामसेवकाच्या हाती असते. सभा बोलावणे, इतिवृत्त लिहिणे, कर आकारणे, दाखले देणे आणि जमाखर्च ठेवणे ही त्याची कामे. एका ग्रामसेवकाकडे दोन-दोन गावे असली की लोकांना त्याचा वार विचारूनच कार्यालयात जावे लागते.

या दफ्तरातले सर्वात वापरातले पुस्तक म्हणजे नमुना ८, अर्थात कर आकारणी नोंदवही. तिच्या एका ओळीत घराचा क्रमांक, मालकाचे नाव, भोगवटादाराचे नाव, बांधकाम कुडाचे की विटांचे, क्षेत्रफळ, भांडवली मूल्य आणि त्यावर बसलेली घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर व पाणीपट्टी असे रकाने असतात. मागणी आणि वसुली नमुना ९ मध्ये चढते आणि पावती नमुना १० ची मिळते. तलाठ्याकडील सातबारा शेताची ओळख ठेवतो, तर ग्रामपंचायतीचा आठ नंबर घराची. बँकेचे कर्ज असो, विजेची जोडणी असो की घरकुलाचा अर्ज, आठ नंबरचा उतारा लागतोच. आधीच्या शतकात गावाचे उत्पन्न खळ्यावरच्या धान्याच्या राशीत मोजले जाई, आता ते घराच्या भिंतींवर मोजले जाते. पुढे भिवंडीच्या गावांचे जे झाले, त्याचे बीज याच बदलात आहे.

कायद्यानुसार गावाचा खरा मालक ग्रामसभा आहे. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, आणि प्रथेने त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर यांच्या आसपास होतात. गणसंख्या एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी कमी असेल ती. ती भरली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणसंख्येची अट राहत नाही. भातलावणी आणि कापणीच्या दिवसांत सभा ठेवली तर खाचरात असलेली माणसे येणार नाहीत, हे उघड आहे. ऑगस्टच्या सभेला वाड्या-पाड्यांवरची माणसे दिसत नाहीत, याचे कारण उदासीनतेपेक्षा शेतीच्या वेळापत्रकात शोधावे लागते. ज्या गावात सरपंच ही वेळ सांभाळतो, तेथे लाभार्थ्यांच्या याद्या सर्वांसमोर वाचल्या जातात आणि तेथेच ग्रामसभेला अर्थ येतो.

महिला, आदिवासी आणि नवे अधिकार

१९९० मध्ये महाराष्ट्राने ग्रामपंचायतींत महिलांसाठी ३० टक्के जागा राखल्या. २४ एप्रिल १९९३ पासून ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली. पंचायतींना घटनात्मक दर्जा मिळाला, दर पाच वर्षांनी निवडणूक बंधनकारक झाली, स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग आला आणि अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात, तर महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. २०११ मध्ये राज्याने महिलांचा वाटा निम्म्यावर नेला. सुरुवातीला अनेक ठिकाणी सरपंच पत्नी आणि कारभार पतीकडे अशी स्थिती होती. पण सही, धनादेश आणि इतिवृत्त कायद्याने बाईच्याच हातात असल्यामुळे हळूहळू कामही तिच्या हाती येत गेले. पाणी, अंगणवाडी आणि शाळेची संडासे हे विषय सभेच्या विषयपत्रिकेवर वरच्या क्रमांकाला येण्यामागे या बदलाचा मोठा वाटा आहे.

तालुक्याच्या उत्तर आणि पूर्व भागांत वारली, कातकरी, मल्हार कोळी आणि ठाकूर वस्ती मोठी आहे. १९८५ च्या आदेशानुसार भिवंडी तालुक्यातील ७२ गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. १९९६ मध्ये संसदेने या क्षेत्रांसाठी पंचायतींचा विस्तार कायदा केला, जो पेसा या नावाने ओळखला जातो. २०१४ मध्ये महाराष्ट्राने त्याचे नियम केले. त्यांनुसार वाडी किंवा पाडाही स्वतःचे गाव म्हणून घोषित होऊ शकतो आणि त्याची स्वतंत्र ग्रामसभा भरू शकते. गौण वनोपज, लहान पाणीसाठे, गौण खनिज आणि जमीन हस्तांतरण यांवर तिच्या मताला वजन आहे. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के निधी पेसा गावांच्या ग्रामपंचायतींना थेट मिळू लागला. वीटभट्टीच्या हंगामात कातकरी कुटुंबे पावसाळा संपताच घर सोडून जातात आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर परततात. घराला कुलूप असलेल्या या सात-आठ महिन्यांत होणाऱ्या ग्रामसभांत त्यांचा आवाज कसा पोचावा, हा या कायद्यापुढचा खरा प्रश्न आहे.

गोदामांची गावे

तालुक्याच्या दक्षिण भागाचे रूप गेल्या काही दशकांत पूर्ण बदलले. मुंबई-आग्रा महामार्ग, ठाण्याकडे जाणारा जुना रस्ता आणि मुंबईची जवळीक हे एक कारण. जकात हे दुसरे. मुंबई महापालिकेच्या हद्दीत माल नेताना जकात भरावी लागे. मग व्यापाऱ्यांनी माल हद्दीबाहेर साठवून लागेल तसा आत नेण्याचा मार्ग धरला. खाडी ओलांडली की लगेच लागणारी काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, माणकोली आणि गुंदवली ही गावे त्यासाठी सोयीची ठरली. भातखाचरांवर भराव पडले आणि पत्र्याच्या छपरांची गोदामे उभी राहिली. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि जकात गेली. तोवर हा पट्टा देशातील मोठ्या साठवण केंद्रांपैकी एक झाला होता. ऑनलाइन व्यापाराने त्यात आणखी भर घातली. शहराच्या दुसऱ्या अंगाला खोणी, शेलार, काटई, कारिवली या गावांत यंत्रमाग शहराच्या हद्दीबाहेर पसरले. लोकवस्ती शहरासारखी झाली, तरी कारभार ग्रामपंचायतीकडेच राहिला.

या गावांच्या नमुना ८ मध्ये कौलारू घरांच्या ओळींखाली हजारो चौरस फुटांच्या गाळ्यांच्या ओळी आल्या. पूर्वी ग्रामपंचायतीला दिव्याचा खांब बसवायलाही जिल्हा परिषदेकडे पाहावे लागे. आता काही पंचायतींचे स्वतःचे उत्पन्न मोठे झाले. पण त्याबरोबर आलेली कामे १९५८ च्या कायद्याने कल्पिलेली नव्हती. अवजड वाहनांनी उखडलेले रस्ते, रासायनिक मालाचे साठे, आगीचा धोका, कचऱ्याचे ढीग आणि भरावामुळे तुंबणारे ओढे, हे सारे सांभाळायला पंचायतीकडे एक ग्रामसेवक, एखादा लिपिक, पाणी सोडणारा शिपाई आणि दोन-चार सफाई कामगार. जमीन बिनशेती करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे होता, आणि २००७ मध्ये भिवंडीभोवतालच्या पन्नासहून अधिक गावांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण हे विशेष नियोजन प्राधिकरण नेमले गेले. म्हणजे जमीन बिनशेती करायची परवानगी एका दाराशी, इमारत उभी करायची परवानगी दुसऱ्या दाराशी आणि तिचा कचरा मात्र गावाच्या दाराशी.

भरावाचा परिणाम शेतीवर सर्वात आधी झाला. भाताच्या खाचरांतले पाणी एका शेतातून दुसऱ्यात उतरत जाते. मधले एक शेत भरले की वरच्या शेतात पाणी साचते आणि खालच्या शेताला ते मिळत नाही. मग शेजारचा शेतकरीही शेत पडीक ठेवतो आणि शेवटी विकतो. खाडीकाठी उघाड्या नादुरुस्त झाल्या आणि बांधांवर तिवरे वाढली, कारण खांड बुजवायला धावणारी घरटी माणसे आता गोदामांत पाळीवर आहेत. जमीन विकून आलेल्या पैशातून बंगले उभे राहिले, पण भाताबरोबर राब, गवत, गुरे आणि गावकीच्या श्रमाची सवयही आटत गेली.

आजची रचना

शहराची हद्द वाढत असताना कामतघर, नारपोली, भादवड, टेमघर, नागाव, फेणेगाव यांसारखी गावे टप्प्याटप्प्याने नगरपालिकेत गेली. डिसेंबर २००१ मध्ये नगरपालिकेची भिवंडी-निजामपूर महापालिका झाली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि ठाणे जिल्हा परिषदेकडे भिवंडी, कल्याण, अंबरनाथ, मुरबाड आणि शहापूर हे पाचच तालुके उरले. डिसेंबर २०१७ च्या निवडणुकीत जिल्हा परिषदेच्या ५३ गटांपैकी, म्हणजे मतदारसंघांपैकी, २१ एकट्या भिवंडी तालुक्यात होते आणि पंचायत समितीचे ४२ गण. जिल्ह्याच्या ग्रामीण राजकारणाचा तोल त्यामुळे भिवंडीकडे झुकला आहे.

गावाकडे येणाऱ्या पैशाचा मोठा वाटा केंद्रीय वित्त आयोगाचा असतो. चौदाव्या आयोगाने तो पूर्णपणे ग्रामपंचायतींना दिला. पंधराव्या आयोगाच्या काळात महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला ८० टक्के आणि पंचायत समिती व जिल्हा परिषदेला प्रत्येकी १० टक्के अशी विभागणी झाली. वाटपाचा मुख्य आधार २०११ ची लोकसंख्या आहे. त्यानंतर गोदामे आणि यंत्रमागांच्या आसऱ्याला आलेले कामगार या मोजणीत नाहीत. ते गावाचे पाणी वापरतात आणि गावाच्या गटारात त्यांचे सांडपाणी जाते, पण निधीच्या हिशेबात त्यांची संख्या धरली जात नाही.

त्यामुळे एकाच तालुक्यात, एकाच कायद्याखाली, दोन तऱ्हांची ग्रामपंचायत दिसते. उत्तरेकडे डोंगरपायथ्याची पंचायत अजून पाणवठा, घरकुल, रोजगार हमी आणि वनहक्क यांत गुंतलेली आहे. तिच्याकडे अधिकार वाढले आहेत, उत्पन्न नाही. दक्षिणेकडे महामार्गालगतच्या पंचायतीकडे उत्पन्न आहे, पण शहर चालवायला लागणारी माणसे आणि अधिकार नाहीत. पहिलीला निधी हवा, दुसरीला अभियंता, अग्निशमन आणि कचरा व्यवस्थापन. दोघींच्या दफ्तरात नमुना ८ सारखाच आहे आणि दोघींच्या शिवेत जुनी भाताची जमीन आहे. खांड पडली की घरटी एक माणूस बांधावर, हा खारीतला जुना नियम गावाच्या अस्तित्वाची जबाबदारी सर्वांवर सारखी टाकत होता. आज ती जबाबदारी घरपट्टीच्या पावतीत आणि ग्रामसभेच्या हजेरीपटावर आहे. गोदामाच्या गाळ्याची पट्टी वेळेवर वसूल होते की नाही, आणि पाड्यावरचा माणूस सभेत येऊ शकेल अशी वेळ ठेवली जाते की नाही, या दोन गोष्टींवर भिवंडीच्या गावकारभाराची मदार आहे.